अंबाजोगाईचे स्वामीजी

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात आपण सारेच कधी ना कधी गेलो आहोत. तिथल्या मेडिकल कॉलेजला स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आहे. हे स्वामीजी त्याच गावात शिक्षक होते, हे मात्र आम्हालाही उशिराच कळले.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३ चा. कामगारांची सेवा करावी म्हणून ते ना. म. जोशी यांच्याकडे गेले. पण प्रकृती ढासळली आणि ते काम सुटले. ऐन पंचविशीत असे झाले की माणूस स्वतःवरच शंका घेऊ लागतो. डी.एड. करून घरी बसलेली आपली मुले आपण पाहतोच. खेडगीकर हिप्परग्याच्या शाळेत मुख्याध्यापक झाले. एवढ्याशा खेड्यात येणे ही कुणाला माघार वाटली असती. तिथेच १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला, पण शिकवणे सोडले नाही. १९३५ साली ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले.

१९३८ साली शाळा सोडून ते निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. पुढे मराठवाडा ज्या लढ्यामुळे १९४८ साली मुक्त झाला, त्याचे नेतृत्व त्यांनीच केले. शाळा सोडली तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते.