विचारून केलेली सेवा



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने काहीतरी लिहावे, असा अध्यक्षबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेख लिहिण्याची सवय नाही. तरी एका थोर माणसाविषयी लिहिते. महात्मा गांधींना आपण सगळ्याच ओळखतो. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला बापू कोण हे सांगायला नको. पण ते आजाऱ्याची शुश्रूषा करण्यात किती हुशार होते, आणि त्यात त्यांना केवढे पेच पडले, हे मला अलीकडेच कळले. ते कळण्याला माझी स्वतःची एक चूक कारण झाली. ती आधी सांगते.

गेल्या साली आमच्या सासूबाई आजारी होत्या. पायांवर सूज, दम लागायचा. डॉक्टरांनी चार गोळ्या लिहून दिल्या. त्यांतली संध्याकाळची गोळी त्या काही केल्या घेत ना. मी समजावले, रागावले, शेवटी गोळी कुटून वरणात कालवून देऊ लागले. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी त्यांना वरण कडवट लागले आणि सगळा प्रकार उघडकीस आला. त्या मला बोलल्या नाहीत. पण दोन दिवस माझ्या हातचे काही खाल्ले नाही. मी तर त्यांच्या भल्यासाठीच केले होते. मग एवढे काय बिघडले, असे मला वाटे.

त्याच महिन्यात आपल्या मंडळाची सहल सेवाग्रामला गेली. बापू कुटी पाहून झाल्यावर आपण परचुरे कुटी पाहिली. तिथली हकीगत ऐकून मी घरी आले ती विचारातच. मग वाचनालयातून बापूंची आत्मकथा आणि आणखी दोन-तीन पुस्तके आणली, आणि दुपारच्या वेळी वाचली.

बापूंचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, पोरबंदरचा. त्यांच्या वडिलांना भगंदराचा विकार होता. शाळेतून आल्यावर मोहन जखम धुवी, पट्टी बांधी, औषध तयार करी आणि रोज रात्री वडिलांचे पाय चेपी. १८८५ साली एका रात्री काकांनी त्यांना झोपायला पाठवले. ते खोलीत पत्नीजवळ गेले आणि थोड्याच वेळात गड्याने दार ठोठावले. वडील गेले होते. इतके दिवस सेवा करून अखेरच्या क्षणी आपण जवळ नव्हतो, ही बोच त्यांना जन्मभर राहिली. ती त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिली आहे.

पुढे ते बॅरिस्टर होऊन दक्षिण आफ्रिकेत गेले. वकिली चांगली चालत असतानाही ते एका धर्मार्थ दवाखान्यात रोज सकाळी तास-दोन तास जात. रोग्यांची दुखणी ऐकून डॉक्टरांना सांगावीत आणि औषधे द्यावीत, हे त्यांचे काम. १९०० साली धाकटा मुलगा देवदास झाला, तेव्हा वेळेवर डॉक्टर नाही, सुईणही नाही. बापूंनी आधीच बाळंतपणावरचे गुजराती पुस्तक वाचून ठेवले होते. कस्तुरबांची सुटका त्यांनी स्वतः केली. हे वाचून मी तर तोंडात बोट घातले. आपल्यापैकी कितीजणींच्या यजमानांना गरम पाण्याचे पातेलेही सापडले असते?

१९०४ साली जोहान्सबर्गला प्लेग आला. खाणीत काम करणारे २३ हिंदी लोक एकदम आजारी पडले. एका रिकाम्या घराचे कुलूप फोडून त्यांना तिथे ठेवले. बापूंच्या कचेरीत चार तरुण हिंदी कारकून होते. या कामात जीव जाऊ शकतो हे त्यांना स्पष्ट सांगून, त्यांची तयारी आहे हे पाहून मगच बापूंनी त्यांना बरोबर घेतले. दुसरे एक सहकारी यायला तयार होते, पण त्यांचा संसार मोठा म्हणून त्यांना बापूंनी दूर ठेवले. म्युनिसिपालिटीने एक नर्सबाई पाठवली होती. तिला लागण होऊ नये म्हणून हे लोक तिला रोग्यांना फारसा हात लावू देत नसत. डॉक्टरांची परवानगी घेऊन बापूंनी तीन रोग्यांना ओल्या मातीच्या पट्ट्या बांधल्या. त्या तिघांतले दोन वाचले. बाकीचे वीस गेले, आणि ती नर्सबाईही प्लेगने गेली. ते दोघे कशाने वाचले हे सांगता येत नाही, असेही बापूंनी प्रामाणिकपणे लिहिले आहे.

आता माझ्या वर्मावर बोट ठेवणारी गोष्ट सांगते. १९०९ साली कस्तुरबांवर डरबानला शस्त्रक्रिया झाली. बापू तेव्हा जोहान्सबर्गला होते. बा फार अशक्त झाल्या. डॉक्टरांनी फोन करून गोमांसाचा रस देण्याची परवानगी मागितली. बा शुद्धीवर असतील तर त्यांना विचारा, असे बापूंनी कळवले. रोग्याला असले प्रश्न विचारायला डॉक्टर तयार नव्हते. बापू गाडीने डरबानला पोचले, तेव्हा कळले की तो रस फोन करण्याआधीच बांना दिला गेला होता. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांचा बापूंवर लोभ होता. जीव वाचवायचा तर रोग्याला फसवण्यात पाप नाही, असे त्यांचे मत होते. बापूंना मात्र ते फार लागले. त्यांनी बांनाच विचारले. जीव गेला तरी चालेल पण तो रस नको, असे बांनी ठाम सांगितले. मग भर अशक्तपणात, पावसाची भुरभुर चालू असताना, त्यांना झोळीत घालून फीनिक्सच्या आश्रमात नेले. तिथे पाण्याचे उपचार केले आणि बा हळूहळू बऱ्या झाल्या.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. त्या डॉक्टरांच्या जागी मला मीच दिसले. माझ्या वरणात गोमांस नव्हते, साधी गोळी होती. पण न विचारता तोंडात घालणे दोन्हीकडे सारखेच.

३० एप्रिल १९३६ रोजी बापू आपल्या शेगावला राहायला आले. त्या गावाचेच पुढे सेवाग्राम झाले. आश्रमात कोणी आजारी पडले की बापू रोज जाऊन विचारपूस करत. १९३९ साली परचुरे शास्त्री तिथे आले. संस्कृतचे मोठे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातली बापूंची ओळख, पण अंगभर कुष्ठरोग. आज या रोगावर खात्रीची औषधे आहेत. १९८१ च्या सुमारास ती मिळून देण्याची मोहीम ज्या जिल्ह्यांत प्रथम झाली, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. १९३९ साली यातले काही नव्हते. लोक रोग्याची सावलीही टाळत. शास्त्रींना परत पाठवावे तर माणुसकी नाही. ठेवून घ्यावे तर आश्रमातल्या बायामुलांना धोका. बापूंनी हुकूम सोडला नाही. त्यांनी आश्रमातल्या मंडळींपुढे ही गोष्ट ठेवली आणि त्यांची संमती घेतली. जवळच वेगळी कुटी बांधली, आणि मालीश करण्याचे काम दुसऱ्या कोणावर न ढकलता स्वतःकडे घेतले. देशाचे मोठमोठे पुढारी वर्ध्याला येत, तेव्हाही शास्त्रींची सेवा चाले. शास्त्री पुढे मनोहरजी दिवाणांच्या दत्तपूरच्या कुष्ठधामात गेले आणि १९४५ साली निवर्तले. त्याच साली बापूंनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमात कुष्ठसेवेचा समावेश केला.

एका प्रसंगापाशी मात्र माझे मन अजून अडते. १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा पुण्याच्या आगाखान महालात कैदेत अखेरच्या दुखण्यात होत्या. देवदासांनी कलकत्त्याहून पेनिसिलीन मागवले. ते तेव्हा अगदी नवे औषध होते. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार होती. आता तिला त्रास देऊ नये, देवावर सोडावे, असे बापूंनी मुलाला समजावले. ज्याला बापूंनी स्वतःच्या हातांनी जगात आणले, तोच हा मुलगा. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. बापूंचे बरोबर की देवदासांचे? मी आई म्हणून विचार करते तेव्हा मला मुलाचे पटते. सासूबाईंच्या उशाशी बसते तेव्हा बापूंचे पटते. मोठ्या माणसांनाही हे कोडे सोपे नव्हते, एवढे मात्र खरे.

वाचन संपल्यावर एके संध्याकाळी मी सासूबाईंजवळ बसले. माझे चुकले म्हणाले आणि ती गोळी का नको, ते प्रथमच विचारले. गोळी घेतली की रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागे. मला उठवायचा त्यांना संकोच वाटे आणि अंधारात पडण्याची भीती वाटे. एवढेच! मी दवाखान्यात जाऊन सांगितले. डॉक्टरांनी ती गोळी सकाळी द्यायला सांगितली. काही गोळ्या कुटून द्यायच्याच नसतात, हेही तिथल्या सिस्टरने मला समजावले. आता सासूबाई तीन गोळ्या बिनतक्रार घेतात. चौथी नको म्हणतात. तिच्याविषयी आमचे रोज बोलणे होते. अजून निकाल लागलेला नाही, पण माझ्या हातचे वरण त्या निश्चिंतपणे खातात.

३० जानेवारी १९४८ ला बापू गेले. तो दिवस आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळतात. सेवाग्रामला कस्तुरबांच्या नावाचे रुग्णालय आहे आणि आपल्या कितीतरी मुली परिचारिकेचे शिक्षण घेतात. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण घरोघरी आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या आपणही परिचारिकाच. उद्या कोणाच्या तोंडी औषध घालण्याची वेळ आली, तर आधी त्यांच्याजवळ घटकाभर बसून विचारावे, इतकीच माझी विनंती. लिहिण्यात काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे.