समुद्राचा रंग आणि नागपूरचा हिशेब-अधिकारी

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या मधल्या या काळ्या जमिनीच्या मुलखात समुद्राचे प्रकाशशास्त्र किंवा उपग्रहाद्वारे होणारे सागररंगाचे मापन हा विषय काढला, तर हे आपले काम नव्हे, असे म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही मोकळे होतील. परंतु ज्या पुरुषाने या विषयाचा या देशात पाया घातला, तो १९१० साली नागपूरला हिशेब खात्यात अधिकारी होता. आणि यवतमाळ जिल्ह्याचा कारभार तेव्हा नागपूरहूनच चालत असे. चंद्रशेखर वेंकट रामन हे त्याचे नाव. नोबेल पारितोषिकामुळे ते सर्वतोमुखी झाले. परंतु त्या पारितोषिकाचा उगम समुद्राच्या निळाईत होता, आणि त्या निळाईकडे कसे पाहावे याचे शिक्षण त्यांना कोणत्याही विद्यापीठाने दिले नव्हते, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाची भाषणे होतात. त्यांत समुद्राचा उल्लेख क्वचितच येतो.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळ झाला. वडील गणित व भौतिकशास्त्राचे अध्यापक. विशाखापट्टणच्या महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाल्यामुळे मुलाचे बालपण समुद्रकाठी गेले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९०४ साली बी. ए. आणि १९०७ साली एम. ए. झालेल्या या तरुणाचा पहिला संशोधनपर लेख १९०६ साली इंग्लंडातील मान्यवर नियतकालिकात छापून आला, तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. पुढील शिक्षणासाठी विलायतेस जाणे हा त्या काळचा राजमार्ग. परंतु प्रकृती तोळामासा असल्याने डॉक्टरांनी परवानगी नाकारली. मग उरली ती सरकारी नोकरी. वित्त खात्याच्या स्पर्धापरीक्षेत पहिला क्रमांक मिळवून १९०७ च्या मध्यास ते कलकत्त्याला सहायक महालेखापाल म्हणून रुजू झाले.

येथेच त्यांची गोष्ट संपायची. हुशार पदवीधराने सरकारी खुर्ची मिळवावी आणि पुस्तके माळ्यावर टाकावीत, हे आपल्याकडे आजही घडते. रामन यांच्या बाबतीत ते घडले नाही, याचे श्रेय त्यांच्या जिद्दीइतकेच एका उघड्या दाराला द्यावे लागेल. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकवर्गणीतून स्थापन केलेली विज्ञान-संवर्धन संस्था कलकत्त्यात बहूबाजार रस्त्यावर होती. तिच्या प्रयोगशाळा जवळजवळ ओस पडल्या होत्या. हिशेब खात्यातला एक तरुण अधिकारी कचेरीपूर्वी आणि कचेरीनंतर प्रयोग करू इच्छितो, असे कळल्यावर त्याच्या पदव्यांची, परदेशी प्रशस्तिपत्रांची चौकशी कोणी केली नाही. किल्ली त्याच्या हाती दिली गेली. मधल्या काळात रंगून आणि नागपूर येथे बदल्या झाल्या. नागपूरचा मुक्काम वर्षभराचाही नव्हता; १९११ साली ते कलकत्त्याला परतले, आणि पुन्हा त्याच प्रयोगशाळेत जाऊ लागले.

आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्ता विद्यापीठातील पालित प्राध्यापकपद त्यांना देऊ केले, तेव्हा एक अट आडवी आली. या पदावरील व्यक्तीने परदेशात प्रशिक्षण घेतलेले असावे, असा दानपत्राचा दंडक होता. रामन यांनी त्यासाठी परदेशी जाण्यास साफ नकार दिला. अखेर विद्यापीठानेच अट बाजूस ठेवली, आणि १९१७ साली सरकारी नोकरीतला मोठा पगार सोडून ते त्याहून बऱ्याच कमी वेतनावर प्राध्यापक झाले.

पहिला परदेशप्रवास घडला तो १९२१ साली, ऑक्सफर्ड येथील विद्यापीठांच्या परिषदेसाठी. या प्रवासात भूमध्य समुद्राच्या गर्द निळ्या रंगाने त्यांचे मन वेधून घेतले. लॉर्ड रॅले यांचे मत तेव्हा प्रमाण मानले जाई. आकाशाच्या निळाईचे कोडे उलगडणाऱ्या या थोर शास्त्रज्ञाने समुद्राची निळाई म्हणजे पाण्यात पडलेले आकाशाचे प्रतिबिंब, असा निर्वाळा दिला होता. परतीच्या वाटेवर नारकुंडा बोटीच्या डेकवर उभे राहून रामन यांनी हे मत तपासून पाहिले. जवळ साधने किती? एक निकोल लोलक, एक लहान वर्णपटदर्शक आणि एक विवर्तन जाळी. पाण्याच्या पृष्ठभागावरून एका विशिष्ट कोनात, लंबरेषेपासून सुमारे ५३ अंशांत, परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो. म्हणजे त्याची कंपने एकाच प्रतलात होतात. निकोल लोलक योग्य दिशेला फिरविला की हा प्रकाश विझतो. समुद्राचा रंग हे केवळ प्रतिबिंब असते, तर लोलकातून पाहताना पाणी काळवंडायला हवे होते. उलट ते अधिकच निळे दिसले! आकाशाची झळाळी दूर झाली आणि पाण्याच्या अंतरंगातून येणारा प्रकाश तेवढा उरला. बोट मुंबई बंदरात लागली त्या सप्टेंबरच्या अखेरीस या निरीक्षणाचे टिपण तयार होते. ते नोव्हेंबर १९२१ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात प्रसिद्ध झाले.

पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असे रामन यांचे प्रतिपादन होते. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, या गोष्टीलाही त्या रंगात मोठा वाटा आहे, आणि आजचे शास्त्र या दोहोंची सांगड घालते. मुंबईहून कलकत्त्याला परतल्यावर त्यांनी प्रकाशाच्या विकिरणाचाच ध्यास घेतला. शिष्य के. आर. रामनाथन यांनी समुद्राच्या पाण्याचा रंग पुढे अभ्यासला. १९२३ मध्ये त्यांनाच विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाहून वेगळ्या रंगाची अंधुक छटा आढळली. पाच वर्षांनी के. एस. कृष्णन यांच्यासह केलेल्या प्रयोगांतून तिचे रहस्य उलगडले. २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध आणि १९३० चे नोबेल पारितोषिक हा पुढचा इतिहास शाळकरी मुलांनाही पाठ असतो.

त्या निरीक्षणाचे मोल मात्र अवकाशयुगात अधिक स्पष्ट झाले. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींत हरितद्रव्य असते. त्या वाढल्या की निळा प्रकाश शोषला जातो आणि पाणी हिरवट दिसू लागते. निळ्या आणि हिरव्या प्रकाशाचे प्रमाण मोजले की त्या पाण्यात माशांचे अन्न किती, याचा अंदाज बांधता येतो. १९७८ साली अमेरिकेच्या निंबस-७ उपग्रहाने हे काम प्रथम अवकाशातून करून दाखविले. भारताने २६ मे १९९९ रोजी ओशनसॅट-१ सोडला, २००९ मध्ये ओशनसॅट-२ आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या मालिकेतील तिसरा. पहिल्या दोहोंवरील सागररंगमापक आठ पट्ट्यांत प्रकाश मोजत. तिसऱ्यावर असे तेरा पट्टे आहेत. अडचण मात्र डेकवरचीच आहे. उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे नऊदशांश वातावरणातून आलेला असतो, पाण्याच्या पोटातला जेमतेम दशांश. उसना प्रकाश वजा करून पाण्याचा स्वतःचा प्रकाश वेगळा काढणे, हेच या शास्त्राच्या उच्च प्रशिक्षणातले कठीण प्रकरण होय. त्यातही नितळ समुद्रासाठी आकडेमोड करताना रामन परिणामामुळे पाण्यात रंग बदललेल्या प्रकाशाचा वेगळा हिशेब मांडावा लागतो.

शिष्यपरंपरेचा धागाही तुटलेला नाही. रामनाथन पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. तिचे संस्थापक विक्रम साराभाई यांनी बंगलोरला रामन यांच्याच मार्गदर्शनाखाली काम केले होते. भारताचा सागररंगमापक घडला तो याच अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात. दुसरे शिष्य एल. ए. रामदास पुण्याला आले आणि १९३२ पासून त्यांनी कृषिहवामानशास्त्राची शाखा उभारली. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याला हे नाव तरी परके वाटू नये.

या उज्ज्वल चरित्रावर एक डाग आहे, आणि तो झाकणे रामन यांच्यावरही अन्यायकारक ठरेल. १९३३ साली ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत अव्वल आलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, तेथे प्रवेश मागण्यास गेल्या. स्त्री असल्याच्या एकाच कारणाने रामन यांनी त्यांना नकार दिला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभराच्या परीक्षाधीन मुदतीवर त्यांना घेण्यात आले. वर्षअखेर रामन यांची खात्री पटली आणि संस्थेचे दार स्त्रियांना उघडले. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. तो अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत. ज्याला प्रशस्तिपत्रांवाचून किल्ली मिळाली, ज्याच्यासाठी विद्यापीठाने दानपत्राची अट गुंडाळून ठेवली, त्यानेच उंबरठ्यावर आलेल्या गुणवंत मुलीला अडवावे, हे समजण्यास अवघड आहे. कर्तबगार माणसे आपण कोणत्या दारातून आलो ते किती लवकर विसरतात!

आज असे दार कोणापुढे उघडे आहे, हा प्रश्न यवतमाळला अप्रस्तुत नाही. मच्छीमारांना मासे कोठे सापडतील याची दैनंदिन सूचना देणारे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र १९९९ पासून चालते ते समुद्रकाठी नव्हे, हैदराबादला. सागरशास्त्राचे प्रशिक्षणवर्गही तेथे होतात. यवतमाळहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे. या विषयाला लागते ते गणित, प्रकाशशास्त्र आणि संगणक हाताळण्याची सवय, किनारा नव्हे. पुसद, वणी, दारव्ह्याच्या मुलांना असे वर्ग असतात हे सांगायचे कोणी, एवढीच उणीव आहे. विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी ती भरून काढायला मोठा निधी लागत नाही.

प्रयोगाची सुरुवात तर जिल्ह्यातच होऊ शकते. १८६५ साली सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती कोठे दिसेनाशी होते हे मोजले. सागरशास्त्रज्ञ ती तबकडी अजून वापरतात. बेंबळा किंवा पूस धरणाच्या जलाशयात नावेतून ती सोडता येईल. निकोल लोलक आता दुर्मिळ झाला, पण त्याचे काम करणारी ध्रुवणकारी पारदर्शक पट्टी थोडक्या पैशात मिळते. ती डोळ्यांपुढे धरून योग्य कोनात फिरविली की बेंबळ्याच्या पाण्यावरचे आकाश विझते. मग उरतो तो पाण्याचा स्वतःचा रंग, पावसाळ्यात गढूळ तपकिरी आणि शेवाळ वाढले की हिरवट.