यकृतातील साखरेचा शोधकर्ता : क्लोद बेर्नार

रात्रीचे जेवण उरकून माणूस झोपी जातो. पुढील सात-आठ तास पोटात अन्नाचा कणही जात नाही. तरीही श्वास, हृदय आणि मेंदू यांचे कार्य अखंड सुरू असते. शरीराच्या वजनाच्या अवघा २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या काळातही एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो आणि ती मुख्यत्वे ग्लुकोजपासून मिळवतो. उपाशी शरीरात हे ग्लुकोज येते कोठून, याचे उत्तर फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी शोधले.

बेर्नार यांचा जन्म १२ जुलै १८१३ रोजी फ्रान्समधील सँ-ज्युलियाँ या गावी, द्राक्षमळ्यात राबणाऱ्या कुटुंबात झाला. लिआँ शहरात औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करताना त्यांना नाट्यलेखनाचा छंद जडला. नाटकाचे हस्तलिखित घेऊन ते पॅरिसला गेले. मात्र तेथील एका नामवंत समीक्षकाने त्यांना वैद्यकाची वाट धरण्याचा सल्ला दिला. पुढे फ्रान्स्वा माझांदी यांच्या प्रयोगशाळेत त्यांना आपले खरे क्षेत्र गवसले.

साखर केवळ वनस्पतीच तयार करतात, प्राणी ती फक्त खर्च करतात, असा त्या काळी समज होता. निव्वळ मांसावर पोसलेल्या कुत्र्यांच्या यकृतातून निघणाऱ्या रक्तात १८४८ मध्ये बेर्नार यांना साखर आढळली आणि या समजाला तडा गेला. १८५५ मध्ये त्यांनी एक यकृत पाण्याच्या प्रवाहाने साखरेचा अंश उरणार नाही इतके धुतले. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर होती! साखरेचा साठा यकृतातच दडलेला होता. १८५७ मध्ये त्यांनी तो पदार्थ वेगळा केला व त्याला ग्लायकोजेन हे नाव दिले.

या ज्ञानाची किंमतही मोठी होती. पत्नीच्या हुंड्याच्या रकमेने सुरुवातीच्या संशोधनाला आधार दिला. पण जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांचा तिला तिटकारा होता. संसार तुटला, मुलीही आईच्याच बाजूने राहिल्या.

बाहेर काहीही बदलो, शरीराचे अंतर्गत वातावरण स्थिर राहिले पाहिजे, हा बेर्नार यांचा सिद्धांत आधुनिक शरीरक्रियाशास्त्राचा पाया ठरला. १० फेब्रुवारी १८७८ रोजी त्यांचे निधन झाले. शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झालेले ते पहिले फ्रेंच वैज्ञानिक होत. विश्रांत स्नायू बहुतांशी चरबीवर भागवतात. मेंदूसाठी मात्र यकृत रात्रभर ग्लुकोज पुरवत राहते.