नागपूरचं किराणा दुकान बंद केलं आणि परळच्या स्वयंपाकघरात ‘विको’ उभी राहिली

विको वज्रदंतीची जाहिरात आपल्याला तोंडपाठ आहे. पण कंपनी सुरू करणारे केशव विष्णू पेंढारकर किती जणांना माहीत आहेत?

केशवरावांचं नागपुरात किराणा दुकान होतं. ते बंद करून ते कुटुंबासह मुंबईत आले. वांद्र्यात राहून छोटे-मोठे धंदे करून पाहिले, पण बस्तान काही बसेना. शेवटी बिऱ्हाड परळला हललं.

बाजारात तेव्हा विलायती प्रसाधनांचा जोर होता. केशवरावांनी मात्र आयुर्वेदाची वाट धरली. त्यातली जाण असलेल्या मेहुण्याची साथ मिळाली आणि १९५२ मध्ये राहत्या घरातच वनस्पतींची दंतमंजन पावडर तयार झाली. वडिलांच्या नावावरून कंपनी झाली विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, म्हणजेच विको. मग बाप-लेक दारोदार फिरून पावडर विकू लागले.

१९७१ मध्ये केशवराव गेले. १९७५ मध्ये आलेली हळदीची क्रीम त्यांना पाहता आली नाही. ही क्रीम सौंदर्यप्रसाधन की औषध, यावर मुलगा गजानन यांच्या काळात अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं कोर्टात लढाई चालली. निकाल लागला आयुर्वेदिक औषधाच्या बाजूने. वडिलांनी धरलेली वाट मुलांनी सोडली नव्हती.