आनंदीबाई जोशी क्षयातून का वाचल्या नाहीत?

आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या आणि वर्ष भरायच्या आत क्षयाने गेल्या. असं कसं झालं?

कल्याणच्या जोशी घराण्यातली ही मुलगी, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांशी लग्न झालं. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचं त्यांनी यानंतर ठरवलं. नवऱ्याच्या बदल्यांमुळे अलिबाग, कोल्हापूर करत त्या कलकत्त्याला पोचल्या. डोकेदुखी, अधूनमधून ताप, धाप लागणं तिथेच सुरू झालं होतं. म्हणजे १८८३ साली बोटीत बसल्या, तेव्हाच तब्येत खालावलेली होती.

फिलाडेल्फियात कडाक्याची थंडी. आनंदीबाई शाकाहारी, तिथलं जेवण मानवेना. अभ्यास मात्र सुटला नाही. अंगात ताकद उरली नाही आणि क्षयाने गाठलं. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नोकरी ठरलेली होती, पण तिथे रुजू होणं झालंच नाही. पुण्यात वैद्यांचे उपचार झाले, गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ सालीच दाखवला होता. पण त्याला मारणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ साली. तोवर सगळी भिस्त शरीराच्या ताकदीवर, आणि आनंदीबाईंची तीच संपली होती.

आज साध्या क्षयावर साधारण सहा महिन्यांची औषधं आहेत, सरकारी दवाखान्यात मोफत. तरी सगळ्यांना सारखा गुण येत नाही. कमी वजन, मधुमेह, एचआयव्ही, दारू, तंबाखू यांनी फरक पडतो. झारखंडमधल्या अभ्यासात (२०२३) पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वजन वाढलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी दिसला. गोळ्या मध्येच तुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

आनंदीबाई राहिल्या त्या अलिबागच्याच जिल्ह्यात, आतल्या बाजूला, कर्जत-खालापूर आहे. इथली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. सहा महिन्यांच्या गोळ्या नेमक्या इथे अडकतात. निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगितलं, तर पुढचे उपचार भट्टीजवळच्या सरकारी केंद्रात वर्ग करून मिळतात.