थॉमस मिजली

थॉमस मिजली, कनिष्ठ (जन्म : १८ मे १८८९, बीव्हर फॉल्स, पेनसिल्व्हेनिया; मृत्यू : २ नोव्हेंबर १९४४, वर्थिंग्टन, ओहायो) हे अमेरिकन अभियंता व रसायनशास्त्रज्ञ होते. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची पद्धत त्यांनी शोधली.

कॉर्नेल विद्यापीठातून १९११ मध्ये यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर १९१६ मध्ये ते डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली रुजू झाले. त्या काळी मोटारींची इंजिने भार पडताच ठकठक करीत. सिलिंडरमध्ये दाबलेले पेट्रोल व हवेचे मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटते, हे त्याचे कारण. मिजली यांनी आयोडीन, अ‍ॅनिलीन, टेल्युरियम असे अनेक पदार्थ तपासले; टेल्युरियमच्या लसणासारख्या दुर्गंधीने प्रयोगकर्तेच हैराण झाले. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड गुणकारी ठरले. १९२३ पासून ते ‘एथिल’ या नावाने विक्रीस आले. नावात शिशाचा उल्लेख नव्हता. अल्कोहोलनेही ठकठक थांबते, हे मिजली यांना ठाऊक होते; मात्र त्याचे पेटंट मिळण्याजोगे नव्हते.

१९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात पाच कामगार शिशाच्या विषबाधेने दगावले. स्वतः मिजलीही आदल्या वर्षी त्याच विषाने आजारी पडले होते. तरीही त्यांनी पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुतले व त्याची वाफ हुंगून दाखवली. या प्रसंगाचे समर्थन करता येत नाही. १९२५ मध्ये थांबलेली विक्री वर्षभरात पुन्हा सुरू झाली.

याच सुमारास ग्रॅहम एडगर यांनी ऑक्टेन मोजपट्टी घालून दिली. तीत आयसो-ऑक्टेनला १००, तर हेप्टेनला ० अंक आहे. राजुऱ्याच्या पंपावरील साधे पेट्रोल पूर्वी किमान ९१ ऑक्टेनचे असे, म्हणजे ९१ टक्के आयसो-ऑक्टेन असलेल्या मिश्रणाइतका ते ठकठकीला विरोध करी. हा अंक इंधनातील ऊर्जा दाखवीत नाही. त्यामुळे अधिक ऑक्टेनच्या महाग पेट्रोलचा खरा उपयोग अधिक दाबाच्या इंजिनांनाच होतो. साध्या दुचाकीत जादा पैसे बहुधा वाया जातात.

पुढे मिजली यांनी शीतकपाटांसाठी फ्रेऑन वायू तयार केला. त्या वर्गातील वायूंनी ओझोन थराची हानी होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाले. १९४० मध्ये पोलिओमुळे ते अपंग झाले. अंथरुणातून उठण्यासाठी स्वतः रचलेल्या दोऱ्या व कप्प्यांत अडकून गुदमरल्याने त्यांचा अंत झाला.

भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये बंद झाली. मोटारींसाठी ते विकणारा अखेरचा देश अल्जीरिया. तेथे ती २०२१ मध्ये थांबली. मिजली यांच्या काळी मागे पडलेले अल्कोहोल आज इथेनॉलच्या रूपाने भारतातील पेट्रोलमध्ये मिसळले जाते.