ओले एव्हिनरूड आणि वितळलेलं आईस्क्रीम

भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेला असाल तर कुंभारगावच्या काठावरच्या होड्या तुम्हाला माहीत असतीलच. काही वल्ह्यावर चालतात, काहींच्या मागे छोटं इंजिन लटकवलेलं असतं. त्याला आउटबोर्ड मोटर म्हणतात. मागच्या फेब्रुवारीत आम्ही मैत्रिणीच्या मामांच्या होडीतून उजनीच्या पाण्यात गेलो आणि परतताना मधोमध ती जुनी मोटर बंद पडली. मामांनी दहा वेळा, वीस वेळा दोरी ओढली. मोटर खोकायची आणि गप्प बसायची. वारा सुटला होता. याच पाण्यात २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले, हे सगळ्यांच्या मनात होतं, पण बोललं कोणीच नाही. शेवटी वल्ही काढली. काठाला लागलो तेव्हा तळहात सोलून निघाले होते, आणि मला वाटलं, ही मोटर ज्याने बनवली तो माणूसही वल्हवून असाच वैतागला असणार. नंतर वाचलं तर खरंच तसं निघालं!

त्याचं नाव ओले एव्हिनरूड. (मराठीत हे नाव वाचून हसू येतं, कारण त्याचं पुढचं सगळं भांडण ओलाव्याशीच होतं.) जन्म १९ एप्रिल १८७७, नॉर्वेमध्ये. तो पाच वर्षांचा असताना घरचे अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेले आणि लेक रिप्ली नावाच्या तळ्याजवळ शेती करू लागले. शाळा लवकरच सुटली. वडिलांना मुलगा शेतकरी व्हायला हवा होता, याला होड्यांचा नाद. असं सांगतात की त्याने लपूनछपून केलेल्या पहिल्या होडीचे भाग वडिलांनी मोडून टाकले, तेव्हा पठ्ठ्याने दुसरी केली. सोळाव्या वर्षी तो मॅडिसनला वर्कशॉपमध्ये कामाला लागला. पुढे पिट्सबर्ग, शिकागो असं फिरत, रात्री स्वतः पुस्तकं वाचून इंजिनिअरिंग शिकला. आपल्याला लेक्चर, प्रॅक्टिकल, सबमिशन सगळं आयतं मिळून आपण काय करतो हा प्रश्न मी इथे विचारणार नाही.

१९०० च्या सुमारास तो मिलवॉकीला आला. पॅटर्नमेकर म्हणून त्याचा हात चांगला होता आणि पेट्रोल इंजिनाचं त्याला वेड होतं. भागीदारीत धंदे काढले, काही बुडाले. तिथेच बेस कॅरी ही मुलगी भेटली. ती बिझनेस कोर्स शिकलेली, हिशोबात पक्की. ओले हिशोबात कच्चा. १९०६ च्या उन्हाळ्यात ओकॉची तळ्यातल्या बेटावर सहलीला गेले असताना बेसला आईस्क्रीम खावंसं वाटलं. ओले सुमारे अडीच मैल वल्हवत काठावर गेला, आईस्क्रीम घेतलं आणि तसाच वल्हवत परत आला. पोचेपर्यंत त्याचं पाणी झालेलं. त्याच नोव्हेंबरमध्ये त्यांचं लग्न झालं.

ही गोष्ट इतकी गोड आहे की थोडी घासूनपुसून चकचकीत केली असावी असं मला वाटतं. शिवाय ओले पहिलाही नव्हता. कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या माणसाने त्याच्या आधीच होडीच्या मागे लावायची मोटर बाजारात आणली होती. पण ओलेची मोटर लोकांना जास्त पटली. एकच आडवा सिलिंडर, उभा क्रँकशाफ्ट, खाली बेव्हल गिअर आणि पंखा. १९०९ मध्ये त्याने ती किनिकिनिक नदीवर चालवून पाहिली. बेसला ती कॉफी दळायच्या यंत्रासारखी दिसली. ताकद दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड आणि किंमतही ६२ डॉलर. एका मित्राने ती एक दिवसासाठी नेली आणि दहा मोटरींची ऑर्डर घेऊन आला. मग बेसने जाहिरात लिहिली, वल्ही फेकून द्या अशा अर्थाची, आणि पत्रांचा ढीग लागला.

आता इग्निशनकडे येऊ. सुरुवातीच्या मोटरीला ठिणगी मिळायची ती ड्राय सेल आणि कॉइलमधून, म्हणजे होडीत बॅटरीचा डबा वेगळा ठेवायचा. होडी आणि कोरडा डबा, जमतं का कधी? पुढे फ्लायव्हील मॅग्नेटो आला. चाकातच चुंबक, चाकाखाली कॉइल. चाक फिरलं की प्रायमरीत करंट येतो, नेमक्या क्षणी पॉइंट्स उघडतात, करंट तुटतो आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट उठून प्लगवर ठिणगी पडते. बॅटरीची गरजच नाही. मामांची मोटर याच जातीची.

कंपनी जोरात असताना बेसची तब्येत बिघडली. ओलेने आपला हिस्सा भागीदार ख्रिस मेयरला विकला आणि पाच वर्षं या धंद्यात उतरणार नाही असा करार केला. चालती कंपनी बायकोसाठी सोडणं मला आईस्क्रीमपेक्षा मोठी गोष्ट वाटते. मुदत संपत आली तेव्हा त्याच्याकडे नवं डिझाइन तयार होतं: दोन सिलिंडर, ॲल्युमिनियमची बॉडी, तीन हॉर्सपॉवर, पण पहिल्या मोटरीपेक्षा हलकी. आधी त्याने ते मेयरलाच दाखवलं. मेयर नको म्हणाला. मग ओले आणि बेसने ‘एल्टो’ ही नवी कंपनी काढून स्वतःच्याच आडनावाच्या कंपनीशी टक्कर दिली! १९२९ मध्ये दोन्ही कंपन्या, लॉकवूड धरून, एकत्र आल्या आणि अध्यक्ष झाला ओले. १९३३ मध्ये बेस गेली, आणि १२ जुलै १९३४ ला ओलेही. कारभार मुलगा राल्फकडे आला.

आमच्या मोटरीचं काय झालं ते राहिलंच. काठावर तासभर पडून राहिल्यावर ती एका ओढीत सुरू झाली. मामा इतके चिडले की विचारू नका. दुसऱ्या दिवशी प्लग काढून, पेट्रोलपासून लांब, बॉडीला टेकवून दोरी ओढली. ठिणगी पिवळट, मरतुकडी. फ्लायव्हील पुलरने काढलं. पॉइंट्स काळे पडले होते. ते घासून साफ केले, फीलर गेजने गॅप साधारण अर्धा मिलिमीटर ठेवली. (प्रत्येक मोटरचा आकडा वेगळा असतो, मॅन्युअल बघा.) ठिणगी सुधारली, पण अर्ध्या तासाने पुन्हा बंद. थंडीत चालते, गरम झाली की मरते, म्हणजे संशय कंडेन्सर किंवा कॉइलवर. कंडेन्सर स्वस्त, म्हणून आधी तो बदलला. ठिणगी निळी आली आणि मोटर दोन तास सलग चालली.

एव्हिनरूड नावाच्या मोटरींचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. मामांची मोटर दुसऱ्या कंपनीची आहे, आणि आता जुना टिफिनचा डबा नेहमी होडीत असतो. त्यात एक प्लग, पॉइंट्सचा सेट, कंडेन्सर आणि पाना, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. वल्ही मात्र मामांनी काढलेली नाहीत.